निष्ठा कोणाशी : सरकारशी की संविधानाशी?

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या पाण्याच्या प्रश्नावर महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात निवेदन द्यायचे ठरले होते. मी घरोघरी सह्या गोळा करत होते. साठी ओलांडलेल्या एका मावशींनी निवेदन शांतपणे ऐकून घेतले आणि पेन माझ्या हातात परत दिला. "पोरी, सरकारचं रेशन खातो आम्ही. सरकारच्या विरोधात सही कशी करायची? खाल्ल्या मिठाला जागायला नको का?" मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. त्याच महिन्यात विहारातल्या रविवारच्या वाचनवर्गात, केंद्र सरकारच्या एका खात्यात नुकत्याच लागलेल्या एका तरुणाने विचारले, "ताई, नोकरीत रुजू होताना मी शपथ घेतलीय. सरकारच्या धोरणाविरुद्धच्या मोर्चात मी आलो तर ती बेइमानी होईल का?"

दोघांच्या वयात चाळीस वर्षांचे अंतर, शिक्षणात त्याहून जास्त. प्रश्न मात्र एकच होता. नागरिकाचे इमान कोणाशी असते? जे सरकार सत्तेवर आहे त्याच्याशी, की ज्या तत्त्वांवर हे प्रजासत्ताक उभे आहे त्या तत्त्वांशी? आपल्याकडे हा प्रश्न भाषणांत खूप येतो, पण कायद्यात नेमके काय लिहिले आहे, बाबासाहेबांनी स्वतः काय केले आणि काय करायचे टाळले, हे एकत्र क्वचित वाचायला मिळते. म्हणून ही मांडणी.

सरकार म्हणजे देश नव्हे

अर्धा गोंधळ शब्दांचा आहे. मराठीत 'राज्य' म्हणजे महाराष्ट्र राज्यही आणि राज्यसंस्थाही. 'शासन' म्हणजे कारभारही आणि शिक्षाही. 'सरकार' हा शब्द तर माणसालाच लावला जायचा. इनामदाराच्या वाड्यावर गेलेला माणूस हात जोडून 'सरकार' म्हणायचा. ती सवय भाषेतून गेली तरी मनातून गेलेली नाही.

संविधानाच्या चौकटीत मात्र तीन गोष्टी वेगळ्या आहेत. संसद, विधिमंडळे, न्यायालये, प्रशासन, निवडणूक आयोग या सगळ्यांची मिळून राज्यसंस्था होते आणि ती कायम असते. सरकार म्हणजे बहुमताच्या बळावर काही काळ कारभार पाहणारे मंत्रिमंडळ. आणि संविधान म्हणजे या दोघांनाही अधिकार देणारा व त्या अधिकारांना मर्यादा घालणारा मूलभूत कायदा. नोव्हेंबर २०१९ ते डिसेंबर २०२४ या काळात महाराष्ट्रात मुख्यमंत्रिपदाचे चार शपथविधी झाले. निष्ठा सरकारशी असती तर इथल्या नागरिकाला पाच वर्षांत चार वेळा ती बदलावी लागली असती, त्यातली एकदा तर पाच-सहा दिवसांतच. संविधान त्या सगळ्या काळात तेच होते, आणि त्या चारही शपथा त्याच संविधानाच्या नावाने घेतल्या गेल्या.

शपथेत काय लिहिले आहे

संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, खासदार, आमदार, न्यायाधीश यांच्या शपथांचे नमुने आहेत. या प्रत्येक शपथेत निष्ठा सांगितली आहे ती कायद्याने स्थापित झालेल्या भारतीय संविधानाशी. पंतप्रधान, मंत्रिमंडळ किंवा सत्तारूढ पक्ष यांच्याशी निष्ठेचा उल्लेख कुठेही नाही. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने त्यात भारताचे सार्वभौमत्व आणि अखंडता राखण्याची भर पडली. राष्ट्रपतींची शपथ अनुच्छेद ६० मध्ये आहे. त्यात संविधान आणि कायदा यांचे रक्षण आणि जनतेची सेवा आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत येणारा कर्मचारीही भारताशी आणि संविधानाशी निष्ठेची शपथ घेतो, आणि कर्तव्य प्रामाणिकपणे व निःपक्षपातीपणे करण्याचे वचन देतो.

यातले वेगळेपण कळण्यासाठी आधीचे पाहावे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली विधिमंडळात निवडून गेलेल्या सदस्याला ब्रिटिश सम्राटाशी आणि त्याच्या वारसांशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. निष्ठा एका माणसाशी आणि त्याच्या वंशाशी होती. १९५० मध्ये ती माणसाकडून काढून कायद्याच्या एका ग्रंथाकडे दिली गेली. जर्मनीत याच्या उलट घडले होते. तिथल्या सैनिकांची शपथ १९१९ पासून वायमार संविधानाशी होती. ऑगस्ट १९३४ मध्ये ती बदलून थेट हिटलर या व्यक्तीशी आज्ञापालनाची केली गेली. युद्ध संपल्यावर अनेक सेनाधिकाऱ्यांनी तीच शपथ ढालीसारखी पुढे केली.

सामान्य नागरिक शपथ घेत नाही. त्याच्यासाठी अनुच्छेद ५१-क आहे, मूलभूत कर्तव्यांचे. हे कर्तव्यांचे कलम १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे ऐन आणीबाणीत आले. नागरिकांनी हक्कांपेक्षा कर्तव्ये जास्त बोलावीत अशी तेव्हाच्या सत्तेची इच्छा होती हे उघड आहे. तरीही त्या कलमाच्या पहिल्याच खंडात संविधानाचे पालन, त्याचे आदर्श, त्याच्या संस्था, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर एवढेच आहे. सरकारशी निष्ठा हे कर्तव्य आणीबाणीतल्या संसदेनेही लिहिले नाही.

आणि आदर म्हणजे काय, यावरही न्यायालयाने बोलून ठेवले आहे. केरळमध्ये एका शाळेने तीन मुलांना काढून टाकले, कारण ती राष्ट्रगीताच्या वेळी उभी राहत पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. आदराने उभे राहणे पुरेसे आहे, गायला भाग पाडणारा कायदा नाही, असे न्यायालयाने सांगितले. मुले आपल्या समाजाची नव्हती, त्यांची श्रद्धाही आपली नाही. पण हा निकाल आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात शिकवायला हवा असे मला वाटते.

मिठाला जागून काय मिळाले

मावशींचा 'मीठ' हा शब्द मला बरेच दिवस सोडत नव्हता, कारण आपल्या समाजाने मिठाला जागण्याचा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या करून पाहिला आहे.

महार वतन हे त्याचे गावपातळीवरचे रूप. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेल्या या व्यवस्थेत तुटपुंजी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात सरकारी कागद पोचवणे, अधिकाऱ्यांपुढे धावणे, राखण करणे ही कामे रात्रंदिवस करावी लागत. वतनदार आजारी असेल तर घरातल्या दुसऱ्याला जावे लागे. वतनाला 'मान' म्हणणारे आपल्यातही होते. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले तेव्हा त्यांना गावच्या विरोधाबरोबर हा मानही अडवत होता. कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर.

दुसरे रूप लष्करातले. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतल्या महार सैनिकांची नावे स्तंभावर आहेत. त्यानंतर अनेक दशके महार शिपाई इंग्रजांच्या फौजेत राहिले. आणि १८९० च्या दशकात त्याच इंग्रजांनी 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताखाली महारांची भरती थांबवली. गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी जे अर्ज केले, त्यांत आमच्या पूर्वजांनी तुमची एकनिष्ठपणे सेवा केली, हे पुनःपुन्हा सांगितले आहे. त्या काळात दुसरी भाषा उपलब्धच नव्हती, म्हणून त्या अर्जांना हसण्याचे कारण नाही. पण निष्ठेच्या पुराव्यावर मागितलेली गोष्ट देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. मर्जी फिरली की पुरावा कितीही मोठा असला तरी उपयोग नाही.

नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब बोलले ते या अर्जांच्या भाषेत नव्हते. ब्रिटिश येण्यापूर्वी आमची जी स्थिती होती त्यात ब्रिटिशांनी फरक काय पाडला, असा हिशेबच त्यांनी मांडला आणि लोकांचे, लोकांना जबाबदार असे सरकार मागितले. इथे निष्ठेचा विषय संपून हक्काचा सुरू होतो. पुढे संविधानात अनुच्छेद १७ आला, अस्पृश्यता नष्ट झाली, आणि ती कोणाच्या उपकाराने नव्हे तर कायद्याने नष्ट झाली. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, हे त्यांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरून सांगितले. म्हणजे या तत्त्वांशी त्यांचे नाते मंत्रिपदाहून जुने होते. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला.

आज्ञापालन आणि टीका, दोन्ही एकदम

आता कोणी म्हणेल, मग सरकारचे ऐकायचेच नाही का? इथे बाबासाहेबांचे ४ नोव्हेंबर १९४८ चे भाषण पाहावे लागते. संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना त्यांनी संवैधानिक नैतिकतेची कल्पना मांडली, आणि त्यासाठी ग्रीसचा इतिहासकार जॉर्ज ग्रोट याचा आधार घेतला. त्या कल्पनेत चार गोष्टी आहेत. संविधानाने ठरवलेल्या कार्यपद्धतींबद्दल सर्वोच्च आदर. त्या पद्धतींनुसार वागणाऱ्या अधिकाऱ्यांच्या आदेशांचे पालन. त्याच अधिकाऱ्यांच्या प्रत्येक सार्वजनिक कृतीवर निर्भीड टीका करण्याची सवय. आणि आपल्या विरोधकालाही हे संविधान आपल्याइतकेच पवित्र वाटते असा विश्वास.

आपण सहसा तिसरी गोष्ट उचलतो. सत्तेतले लोक दुसरी उचलतात. चौथी कोणीच उचलत नाही, आपल्या चळवळीतले गटसुद्धा नाहीत. पण ही चारही एकत्र असली तरच कल्पना पूर्ण होते. आज्ञापालन आहे, पण ते अधिकारी संविधानाच्या चौकटीत वागतो आहे तोवरच. टीका आहे, पण ती आज्ञापालनाच्या ऐवजी नाही, त्याच्यासोबत आहे. कर भरायचा आणि कराविरुद्ध बोलायचेही. निष्ठा या दोन्हींच्या वर, चौकटीशी.

सुमारे वर्षभराने, २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी दोन इशारे दिले आणि ते दोन बाजूंना टोचतात. एक म्हणजे राजकारणात भक्ती नको. कितीही मोठा नेता असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवायचे नाही. दुसरा आपल्याला अवघड जातो. संवैधानिक मार्ग उपलब्ध असताना कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग सोडून द्यावेत, ते अराजकाकडे नेतात, असे त्यांनी सांगितले. ज्यांनी महाड आणि काळाराम मंदिराचे सत्याग्रह केले त्यांनीच हे सांगितले, म्हणून अनेकांना त्यात विसंगती दिसते. महाडमध्ये प्रत्यक्ष काय झाले ते पाहिले की ती बरीच कमी होते.

महाडचे दुसरे अधिवेशन

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यायलो, हे आपल्याला पाठ आहे. हे पाणी पिणे कायद्याविरुद्ध नव्हते, ते कायद्याप्रमाणे होते. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला होता, आणि त्यानुसार सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले व्हायचे होते. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. ठराव कागदावर, आणि तळ्यावर सवर्णांचा पहारा. आपले लोक गेले ते सरकारचाच नियम अमलात आणायला. ज्यांनी लाठ्या चालवल्या आणि नंतर पंचगव्याने तळे 'शुद्ध' केले, ते सरकारी ठरावाच्या विरोधात होते. नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये दुसऱ्या अधिवेशनाची, म्हणजे सत्याग्रहाची तयारी झाली. तेव्हा सवर्णांनी डावपेच बदलला. तळे खाजगी आहे असा दावा दिवाणी न्यायालयात लावून १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. २५ डिसेंबरला हजारो सत्याग्रही महाडला जमले होते. त्या संध्याकाळी मनुस्मृतीचे दहन झाले. जिल्हाधिकारी परिषदेत येऊन न्यायालयाचा मान राखा असे सांगून गेले. जमलेल्यांपैकी बहुतेकांची तुरुंगात जायची तयारी होती. नावनोंदणी झाली होती.

आणि बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करायला लावला. तळ्याभोवतीच्या रस्त्याने मिरवणूक निघाली, पाण्याला हात लावला गेला नाही.

हा निर्णय मला नेहमी थांबवतो. ज्या सभेने नुकताच विषमतेचा धर्मग्रंथ जाळला, तिनेच एका कनिष्ठ न्यायालयाचा तात्पुरता हुकूम पाळला. मनुस्मृतीच्या मुळाशीच विषमता होती आणि ती बदलण्याचा कोणताही रस्ता तिच्यात नव्हता. न्यायालयाचा हुकूम चुकीचा होता, पण त्याच न्यायालयात तो खोडून काढण्याचा रस्ता होता. शिवाय जो लढा सवर्णांशी होता, तो मनाईहुकमाने अस्पृश्य विरुद्ध सरकार असा करून टाकला होता, आणि विरोधकांना तेच हवे होते. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले आणि चवदार तळे कायद्याने खुले झाले.

दहा वर्षे हा थोडा काळ नाही. त्या दहा वर्षांत ज्यांनी तळ्यावरून तहानलेले परत जाणे सोसले, त्यांना हा संयम पटला असेल का, हा प्रश्न माझ्या मनात आहे आणि त्याचे उत्तर मला सोपे वाटत नाही.

राजद्रोह आणि देशद्रोह

वर्तमानपत्रांत हे दोन शब्द एकाच अर्थाने छापले जातात. भारतीय दंड संहितेतले १२४-अ हे कलम राजद्रोहाचे होते. १८६० च्या मूळ संहितेत ते नव्हते. १८७० मध्ये घातले गेले. सरकारविषयी 'अप्रीती' निर्माण करणे हा त्यातला गुन्हा, आणि अप्रीतीत बेइमानीची भावनाही येते असे खुद्द कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिले होते. लोकमान्य टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये, महात्मा गांधींवर १९२२ मध्ये याच कलमाखाली खटले चालले. सरकारवर प्रेम केलेच पाहिजे असे सांगणारा तो कायदा होता.

संविधान सभेत मूळ मसुद्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांमध्ये राजद्रोह हा शब्द होता. डिसेंबर १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांच्या दुरुस्तीने तो काढला गेला. आजच्या अनुच्छेद १९(२) मधली निर्बंधांची कारणे वाचा. देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. सरकारची अप्रतिष्ठा हे कारण त्यात नाही.

तरी १२४-अ दंड संहितेत राहिलेच. १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते वैध ठरवले, पण अर्थ आवळला. कायद्याने स्थापित सरकार वेगळे आणि त्या वेळी कारभार चालवणारी माणसे वेगळी, हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी नसेल तर कितीही कडक टीका राजद्रोह नाही, असे त्यांनी म्हटले. केदारनाथ यांचे स्वतःचे अपील मात्र फेटाळले गेले, हे सहसा सांगितले जात नाही. १९९५ च्या बलवंत सिंग खटल्यात नुसत्या घोषणांना राजद्रोह मानता येणार नाही असा निकाल आला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ चा वापर स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १५२ मध्ये सरकारविषयीची अप्रीती नाही. सशस्त्र बंड, फुटीरता आणि देशाचे सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणे हे गुन्हे आहेत. कागदावर ही वाटचाल सरकारकडून देशाकडे झालेली आहे. पण शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे, आणि सरकारवरच्या टीकेलाच देशाला धोका म्हणायचे ठरवले तर शब्द बदलून फारसे साधत नाही. अटक पोलीस ठाण्यात होते, केदारनाथ निकाल वर्षांनंतर कोर्टात आठवतो.

चार विरुद्ध एक

तत्त्वांशी निष्ठा म्हटले की पुढचा प्रश्न येतो : तत्त्व काय सांगते ते ठरवायचे कोणी? प्रत्येक गट आपल्यालाच खरे संविधान कळले असे म्हणतो.

याचे सोपे उत्तर न्यायालय हे आहे, आणि ते बहुतेक वेळा बरोबर आहे. एप्रिल १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने सांगितले की संसद संविधानात दुरुस्ती करू शकते, त्याची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. म्हणजे सरकार आणि संस्थापक तत्त्वे यांत झगडा झाला तर तत्त्वे वर. पण तीनच वर्षांत, २८ एप्रिल १९७६ रोजी, त्याच न्यायालयाने आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला स्वातंत्र्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही असे चार विरुद्ध एक मतांनी ठरवले. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशांना सरन्यायाधीश केले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. १९७६ चा तो निकाल औपचारिकपणे रद्द झाला २०१७ मध्ये, खाजगीपणाच्या हक्काच्या निकालात. तो लिहिणारे एक न्यायाधीश धनंजय चंद्रचूड. १९७६ च्या बहुमतात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते.

खन्ना यांनी शपथ मोडली नाही, रस्त्यावर आले नाहीत, निकालपत्रातच आपले मत लिहिले. सरकारशी बेइमान आणि संविधानाशी इमानी अशी वागणूक संस्थेच्या आत राहून कशी असते याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. त्यांच्या बाजूचा निकाल आधी मतपेटीतून आला, मार्च १९७७ मध्ये.

संविधान जाळण्याची गोष्ट

मोबाइलवर वर्षातून दोनदा तरी एक मजकूर फिरत येतो : संविधान जाळणारा पहिला मी असेन, असे बाबासाहेबच म्हणाले होते. हे खरे आहे. २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत, आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना, अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी राज्यपालांना अधिकार असावेत असा मुद्दा मांडताना ते बोलले. मजकूर इथेच थांबतो. मार्च १९५५ मध्ये राज्यसभेत त्यांना याबद्दल विचारले गेले तेव्हा त्यांनी स्पष्टीकरण दिले, आणि ते मंदिराच्या दृष्टांताने दिले. देवासाठी मंदिर बांधले, पण देव बसण्याआधीच असुरांनी ते बळकावले, तर मंदिर पाडण्याशिवाय काय करायचे?

आपली काही मंडळी ही गोष्ट लपवायला बघतात. ती लपवू नये. ग्रंथाच्या पानांची पूजा करायची नाही, पानांत ज्याला बसवायचे होते ते न्यायाचे तत्त्व बसले की नाही ते पाहायचे, एवढा तिचा अर्थ आहे. संविधानाच्या प्रतीला हार घालून कलम १७ ची अंमलबजावणी विसरणाऱ्यांना ती आपल्याहून जास्त लागू पडते.

त्या दोघांना काय सांगितले

तरुणाचे उत्तर कायद्यात थोडे गुंतागुंतीचे आहे. त्याची शपथ संविधानाशी आहे, म्हणून मोर्चात जाणे ही बेइमानी नव्हे. पण नोकरीच्या अटी वेगळ्या. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार सरकारी धोरणावर जाहीर टीका करता येत नाही, पक्षीय राजकारणात भाग घेता येत नाही. १९६२ च्या कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांच्या सर्वच निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा नियम रद्द केला, मात्र संपाचा हक्क मान्य केला नाही. मी त्याला म्हणाले, "नियम वाच, युनियनच्या माणसाशी बोल, आणि मगच ये. नियम मोडशील तर कारवाई होईल, पण बेइमान ठरणार नाहीस." वरिष्ठाने बेकायदा काम सांगितले तर काय करायचे, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. तोंडी सांगितले असेल तर लेखी आदेश माग, असे म्हणाले. निम्मी बेकायदा कामे तिथेच थांबतात, हा माझा कार्यालयांचे उंबरे झिजवण्याचा अनुभव.

मावशींकडे मी पुन्हा गेले. त्यांना सांगितले की रेशन हे कोणा सरकारचे मीठ नाही. २००१ मध्ये काही लोक सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, गोदामात धान्य सडत असताना माणसे उपाशी का, असे विचारत. त्या खटल्यातूनच शाळेत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश आला, ते तुमची नात खाते. २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा झाला, म्हणून माणशी पाच किलो मिळते. आणि तुम्ही साबणाची वडी घेता तेव्हाही त्यात कर असतोच. त्यांनी सगळे ऐकले. मग आवाज खाली करून विचारले, "सही केली तर रेशन बंद नाही ना होणार?"

"कायद्याने नाही," मी म्हणाले.

"कायद्याने नाही," त्यांनी माझेच शब्द सावकाश परत म्हटले, आणि पेन हातात घेतला. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. नळाला अजून पहाटे चारलाच पाणी येते. या महिन्यात दुसरे निवेदन द्यायचे आहे.